आभासी यंत्रातील जुन्या परिचालन प्रणाली : मंद गतीचे निदान

एका प्रत्यक्ष संगणकावर विशिष्ट आज्ञावलीच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकाचा आभास निर्माण करून त्यात स्वतंत्र परिचालन प्रणाली चालविता येते. अशा रचनेस आभासी यंत्र म्हणतात. प्रत्यक्ष संगणकाला यजमान, आभासी यंत्रात चालणाऱ्या प्रणालीला अतिथी आणि या दोहोंमध्ये राहून प्रक्रियक, स्मृती, हार्ड डिस्क इत्यादींची वाटणी करणाऱ्या आज्ञावलीला हायपरव्हायजर किंवा पर्यवेक्षक अशा संज्ञा आहेत. एमएस-डॉस, विंडोज ९५ व ९८, विंडोज एक्सपी, लिनक्सच्या २.४ व २.६ या आवृत्त्या यांसारख्या जुन्या प्रणाली अशा यंत्रात बसविल्या असता त्या पुष्कळदा अनपेक्षितपणे मंद चालतात. १९९८ मधील संगणकाच्या कितीतरी पट वेगवान असलेल्या आजच्या यजमानावर विंडोज ९८ मधील एखादी चौकट पडद्यावर सरकविताना ती अडखळत सरकते, हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. या मंदपणाचे कारण शोधून काढण्याच्या रीतीचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

मूळ कारण : अतिथी प्रणालीच्या बहुतेक सूचना प्रत्यक्ष प्रक्रियकावरच, कोणाच्याही मध्यस्थीवाचून चालतात. बेरीज, गुणाकार, स्मृतीतील मजकुराची ने-आण या क्रिया आभासी यंत्रात जवळजवळ पूर्ण वेगाने होतात. परंतु एखाद्या उपकरणाच्या द्वारातून वाचन करणे, व्यत्यय-नियंत्रकाच्या नोंदकात लिहिणे, प्रक्रियकाला थांबविणे अशा काही क्रिया अतिथीला स्वतः करू देता येत नाहीत. अशी सूचना आली की प्रक्रियक अतिथीचे काम थांबवून नियंत्रण पर्यवेक्षकाकडे देतो, पर्यवेक्षक त्या क्रियेचे अनुकरण करतो आणि अतिथी पुन्हा सुरू होतो. या घटनेला बहिर्गमन म्हणता येईल. एका बहिर्गमनाला प्रक्रियकाची शेकडो ते हजारो आवर्तने खर्ची पडतात आणि उपकरणाचे अनुकरण पर्यवेक्षकाच्या गाभ्याबाहेरील आज्ञावलीकडे सोपविलेले असल्यास हा खर्च आणखी वाढतो. २०१८ मध्ये प्रक्रियकांतील मेल्टडाउन, स्पेक्टर व तत्सम दोष उघडकीस आल्यानंतर जे संरक्षक उपाय योजण्यात आले, त्यांनीही काही प्रक्रियकांवर या खर्चात भर घातली.

जुन्या प्रणालींची रचना करणाऱ्यांनी त्यांच्या काळातील यंत्र समोर ठेवले होते. त्या यंत्रावर द्वारातून एक शब्द वाचणे किंवा नोंदकात एक आकडा लिहिणे स्वस्त होते, म्हणून या क्रिया मुक्तहस्ताने वापरल्या गेल्या. आभासी यंत्रात नेमक्या याच क्रिया महाग ठरतात. म्हणून जुन्या अतिथीच्या मंदपणाचा विचार करताना प्रक्रियकाच्या वेगापेक्षा दर सेकंदाला किती बहिर्गमने होतात व ती कोणत्या कारणाने होतात, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. हा प्रश्न न विचारता आभासी यंत्राला अधिक स्मृती व अधिक प्रक्रियक देण्याची चाल सर्वत्र दिसते. तिने सहसा काही साधत नाही. विंडोज ९८ एकाहून अधिक प्रक्रियकांचा उपयोगच करीत नाही, आणि तिला ५१२ मेगॅबाइटपेक्षा अधिक स्मृती दिल्यास फायलींसाठी राखलेल्या तात्पुरत्या साठ्याची मर्यादा मुद्दाम बांधून न दिल्यास ती सुरू होण्यातच अडचणी येतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आभासी यंत्राची कल्पना जुनी असून आयबीएम कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती. जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये एखादा प्रक्रियक आभासीकरणास योग्य होण्यासाठी आवश्यक असलेल्या अटी मांडल्या. वैयक्तिक संगणकांत वापरले जाणारे एक्स-८६ जातीचे प्रक्रियक या अटी पुऱ्या करीत नव्हते. त्यामुळे व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या आज्ञावलीत अतिथीच्या गाभ्यातील सूचनांचे चालू स्थितीतच भाषांतर करण्याची युक्ती योजली होती. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रक्रियकातच आभासीकरणाची सोय केली. तथापि कीथ ॲडम्स व ओले आगेसेन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत ही पहिली यंत्रगत सोय अनेक कामांत भाषांतराच्या युक्तीपेक्षा मंद असल्याचे दाखवून दिले. बहिर्गमने फार होणे हेच त्याचेही कारण होते. पुढे स्मृतीच्या पृष्ठ-सारणींचे दुहेरी रूपांतर प्रक्रियकच करू लागला (एएमडी २००७, इंटेल २००८) आणि पृष्ठ-सारणीतील प्रत्येक बदलापायी होणारी बहिर्गमने टळली. इंटेलच्या पहिल्या पिढ्यांना डॉससारख्या प्रणालींची १६ बिटी वास्तव-रीतीतील आज्ञावली आभासी यंत्रात थेट चालविता येत नसे. ती उणीव २०१० मधील वेस्टमियर पिढीत दूर झाली. त्यापूर्वीच्या यजमानावर डॉस मंद चालत असेल, तर अन्य कारण शोधण्यापूर्वी प्रक्रियकाची पिढी पाहणे इष्ट असते.

निदानाची रीत : प्रथम यजमानाची तपासणी करावी, कारण पुष्कळदा दोष अतिथीत नसतोच. यजमानाच्या बायॉसमध्ये आभासीकरणाची सोय बंद आहे काय, यजमानाची स्मृती अपुरी पडून अतिथीची पृष्ठे हार्ड डिस्कवर टाकली जात आहेत काय, आभासी डिस्कच्या स्थितिचित्रांची लांबलचक साखळी तयार झाली आहे काय, हे पाहणे सोपे असते. विंडोज १० व ११ या यजमानांवर आणखी एक कारण संभवते. त्यांत हायपर-व्ही हा मायक्रोसॉफ्टचा पर्यवेक्षक किंवा त्यावर आधारलेले स्मृती-अखंडता हे संरक्षण चालू असल्यास व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीला प्रक्रियकाची सोय थेट मिळत नाही. तिला हायपर-व्हीच्या मार्फत काम करावे लागते. विंडोज ११ च्या पुष्कळ नव्या संगणकांवर हे संरक्षण मुळातच चालू असते, वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्सच्या स्थितिपट्टीवर हिरव्या कासवाचे चिन्ह उमटते. हे चिन्ह दिसत असता अतिथीतील मांडणी बदलीत बसणे व्यर्थ होय. अर्थात हे संरक्षण बंद केल्याने यजमानाची सुरक्षितता कमी होते, याचा विचार करूनच निर्णय घ्यावा लागतो.

यानंतर अतिथी सतत मंद आहे की विशिष्ट क्रियेच्या वेळीच मंद होतो, हे ठरवावे. पडद्यावरील चौकट सरकविणे, मोठ्या फायलीची प्रत काढणे, जाळ्यावरून फाईल आणणे आणि केवळ आकडेमोड करणारी एखादी आज्ञावली चालविणे या चार कसोट्या निरनिराळ्या घेतल्या म्हणजे दोषाचे क्षेत्र लवकर आकुंचित होते. आकडेमोड जलद व बाकीचे मंद असेल, तर दोष उपकरणांच्या अनुकरणात आहे असे समजावे. वेळ मोजताना अतिथीच्या घड्याळावर विसंबू नये. जुन्या प्रणाली कालमापकाचे ठोके मोजून वेळ ठरवितात. यजमान कामात असला की काही ठोके उशिरा पोहोचतात व नंतर साचलेले ठोके एकदम दिले जातात. परिणामी अतिथीचे घड्याळ कधी मागे पडते, कधी धावते. त्या घड्याळावरून घेतलेली गतिचाचणी फसवी असते. साध्या हातातील थांबघड्याळाने केलेले मापन येथे अधिक भरवशाचे ठरते.

लिनक्स यजमानावर केव्हीएम हा पर्यवेक्षक वापरीत असल्यास ‘पर्फ केव्हीएम स्टॅट’ किंवा ‘केव्हीएम-स्टॅट’ या साधनांनी बहिर्गमनांची कारणवार गणना मिळते. द्वार-व्यवहार, विराम-सूचना, बाह्य व्यत्यय, पृष्ठ-सारणीतील अभाव अशी वर्गवारी त्यात असते आणि कोणता वर्ग सर्वांत मोठा आहे ते पाहिले की पुढील दिशा स्पष्ट होते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स या पर्यवेक्षकावर ‘ईएसएक्सटॉप’ या साधनातील सिद्धावस्थेचा आकडा पाहावा. अतिथीला काम करावयाचे असूनही प्रत्यक्ष प्रक्रियक मोकळा नसल्याने किती काळ ताटकळावे लागले, हे तो आकडा दाखवितो.

डिस्क : जुन्या विंडोज प्रणालींत मंदपणाचे सर्वाधिक आढळणारे कारण हार्ड डिस्कशी होणाऱ्या व्यवहाराच्या रीतीत असते. थेट स्मृती-प्रवेश या रीतीत डिस्क-नियंत्रक मजकूर परस्पर स्मृतीत पोहोचवितो. द्वार-व्यवहाराच्या जुन्या रीतीत प्रक्रियकाला एकेक शब्द द्वारातून उचलावा लागतो. ५१२ बाइटांच्या एका विभागात १६ बिटांचे २५६ शब्द असतात. म्हणजे एक मेगॅबाइट मजकुराला ५,२४,२८८ वाचने होतात. समजा, प्रत्येक वाचनाला एक बहिर्गमन घडले व त्याला दोन मायक्रोसेकंद लागले, तर एका मेगॅबाइटमागे सेकंदाहून अधिक काळ केवळ ये-जा करण्यात जाईल. पुनरावृत्तीच्या सूचनेने होणारी वाचने पर्यवेक्षक एकत्र उरकू शकतो, त्यामुळे प्रत्यक्षात स्थिती इतकी वाईट क्वचितच असते. तरीही दोन्ही रीतींतील फरक डोळ्यांना सहज दिसण्याइतका मोठा असतो.

विंडोज ९८ मध्ये थेट स्मृती-प्रवेशाची खूण उपकरण-व्यवस्थापकात डिस्कच्या गुणधर्मांत हाताने करावी लागते. शिवाय प्रणालीच्या गुणधर्मांतील कार्यक्षमतेच्या पानावर काही डिस्का एमएस-डॉस अनुकूल रीतीने चालत असल्याचा इशारा दिसत असेल, तर नियंत्रकाचा योग्य ड्रायव्हर बसलेला नाही व प्रत्येक व्यवहार बायॉसमार्फत होत आहे असे समजावे. हा इशारा न वाचल्यामुळे अनेकांनी पूर्ण प्रणाली पुन्हा बसविण्याचा खटाटोप केलेला आढळतो. विंडोज एक्सपीतील प्रकार अधिक फसवा आहे. डिस्क-व्यवहारात कालमर्यादा उलटल्याच्या किंवा तपासणी-बेरजेच्या सहा चुका साचल्या की ही प्रणाली रीत एकेक पायरी खाली आणते व शेवटी द्वार-व्यवहारावर येऊन थांबते. प्रत्यक्ष डिस्क बिघडू लागली असता ही खबरदारी योग्यच होती. आभासी यंत्रात मात्र यजमान काही क्षण अडकला तरी अतिथीला कालमर्यादा उलटल्यासारखे वाटते. डिस्क निर्दोष असूनही रीत घसरते आणि यजमान मोकळा झाला तरी आपोआप वर येत नाही. पूर्वी जलद चालणारा एक्सपी एके दिवशी मंद झाला व पुन्हा सुधारला नाही, अशी तक्रार असेल तर हे कारण प्रथम पाहावे. उपकरण-व्यवस्थापकातील आयडीई वाहिनीच्या प्रगत मांडणीत चालू रीत लिहिलेली असते. ती वाहिनी काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू केले म्हणजे प्रणाली ती नव्याने ओळखते व रीत पूर्ववत होते.

विभाजनाच्या आरंभस्थानाचाही येथे संबंध येतो. एक्सपी व तिच्या आधीच्या प्रणाली पहिले विभाजन ६३ व्या विभागापासून, म्हणजे ३२,२५६ बाइटांनंतर सुरू करतात. या संख्येला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. यजमानाची फाईल-व्यवस्था व २०१० च्या सुमारापासूनच्या बहुतेक डिस्का ४,०९६ बाइटांच्या खंडांत काम करीत असल्यामुळे अतिथीचा प्रत्येक खंड यजमानाच्या दोन खंडांवर पडतो आणि लेखनापूर्वी जुना मजकूर वाचून घ्यावा लागतो. व्हिस्टापासून पुढे हे आरंभस्थान एक मेगॅबाइटावर नेण्यात आले.

पडदा आणि जाळे : आभासी दृश्यकार्डासाठी योग्य ड्रायव्हर नसेल तर विंडोज ९८ १६ रंगांच्या जुन्या व्हीजीए रीतीत चालते. या रीतीत पडद्याची स्मृती चार थरांत विभागलेली असून तीत केलेल्या प्रत्येक लेखनाचा अर्थ नियंत्रकाच्या तत्कालीन स्थितीवर अवलंबून असतो. त्यामुळे पर्यवेक्षकाला ती स्मृती अतिथीकडे सरळ सोपविता येत नाही व लेखनागणिक बहिर्गमन होते. प्रारंभी उल्लेखिलेल्या अडखळणाऱ्या चौकटीचे कारण बहुधा हेच असते. रंगसंख्या वाढवून २५६ किंवा त्याहून अधिक रंगांच्या सलग स्मृतीच्या रीतीत जाता आले की तीच स्मृती अतिथीला थेट वापरू देता येते. म्हणजे येथे अधिक रंग दाखविणे हे कमी रंग दाखविण्यापेक्षा जलद असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ९८ साठी अधिकृत साहाय्यक ड्रायव्हर नाहीत, म्हणून व्हेसा मानकावर चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर बसविण्याचा प्रघात आहे. जाळ्याच्या बाबतीत एनई-२००० या जुन्या कार्डाचे अनुकरण टाळावे, कारण ते प्रत्येक संदेशखंड द्वारातून शब्दशः वाचावयास लावते.

कालमापक व व्यत्यय : डॉसमध्ये कालमापकाचे सेकंदाला सुमारे १८.२ ठोके पडत. लिनक्सच्या २.४ आवृत्तीत एक्स-८६ यंत्रांवर ते १०० होते व २.६ मध्ये १,००० करण्यात आले. चार प्रक्रियकांच्या आभासी यंत्रात प्रत्येक प्रक्रियकाचा स्थानिक कालमापक आणि सामाईक कालमापक मिळून सेकंदाला ५,००० व्यत्यय होतात, आणि प्रत्येक व्यत्ययापायी एकाहून अधिक बहिर्गमने घडू शकतात. अतिथी रिकामा असूनही यजमानाचा प्रक्रियक कामात दिसतो, तो यामुळे. २००५ मध्ये ठोक्यांची संख्या निवडण्याची सोय झाली व २००७ मधील २.६.२१ आवृत्तीत रिकाम्या प्रक्रियकाचे ठोके थांबविण्याची व्यवस्था आली. मधल्या काळातील रेड हॅटच्या काही गाभ्यांत आरंभ-ओळीवर ‘डिव्हायडर=१०’ असे लिहून ठोके दहापटींनी कमी करता येतात. एवढा एक शब्द लिहिल्याने अनेक जुन्या लिनक्स अतिथींची प्रकृती सुधारते.

३२ बिटी विंडोज एक्सपीचा विशेष दोष व्यत्ययांच्या अग्रक्रमाशी निगडित आहे. ही प्रणाली आपल्या गाभ्यातील कामाचा अग्रक्रम बदलताना एपिक या व्यत्यय-नियंत्रकाच्या अग्रक्रम-नोंदकात वारंवार लिहिते. प्रत्यक्ष यंत्रावर त्याचा त्रास नव्हता. आभासी यंत्रात प्रत्येक लेखन बहिर्गमन ठरले. इंटेलने यासाठी प्रक्रियकात फ्लेक्स-प्रायॉरिटी ही सोय केली. केव्हीएमसोबत वापरल्या जाणाऱ्या क्यूईएमयूमध्ये अतिथीच्या स्मृतीतील त्या सूचनाच बदलून टाकण्याची धाडसी युक्ती योजण्यात आली आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००३ च्या दुसऱ्या सुधारणा-संचात असे लेखन पुष्कळ कमी केले. उपकरण-व्यवस्थापकात ‘संगणक’ या शीर्षकाखाली पाहिले असता अतिथीने कोणता यंत्र-स्तर निवडला आहे ते कळते. बहुप्रक्रियक किंवा एकप्रक्रियक एपिक स्तर असून यजमान जुना असेल, तर एपिकविना नव्याने प्रणाली बसविणे हा खात्रीचा उपाय होय. बसविलेल्या प्रणालीतून एपिक नंतर काढून टाकल्यास ती सुरूच होत नाही. म्हणून असा बदल मूळ प्रतीवर कधीही करू नये.

डॉस व विंडोज ९५ यांची अडचण निराळी आहे. काम नसताना या प्रणाली प्रक्रियकाला विराम-सूचना देत नाहीत. कळ दाबली जाण्याची वाट पाहत त्या एकाच फेऱ्यात फिरत राहतात. यजमानाच्या दृष्टीने तो अखंड कामात असलेला अतिथी असतो. परिणामी प्रक्रियकाचा एक गाभा पूर्ण व्यापला जातो आणि शेजारची आभासी यंत्रे मंद होतात. अशा वेळी तक्रार एकाची व दोष दुसऱ्याचा, असे घडते. डॉसआयडल किंवा फ्रीडॉसमधील एफडीएपीएम या छोट्या आज्ञावलींनी हे थांबते.

प्रक्रियकांची संख्याही विचारपूर्वक ठरवावी लागते. एक्सपीची गृह-आवृत्ती एक व व्यावसायिक आवृत्ती दोन प्रक्रियक-खोबणी ओळखते. चार प्रक्रियक चार खोबणींत आहेत असे दाखविल्यास उरलेले वाया जातात. तेच एका खोबणीतील चार गाभे म्हणून दाखविल्यास वापरले जातात. जुन्या बहुप्रक्रियक प्रणालींना आपण आभासी यंत्रात आहोत हे ठाऊक नसते. कुलूप धरून बसलेला आभासी प्रक्रियक पर्यवेक्षकाने बाजूला केला, तर दुसरा त्याच कुलपासाठी आपला सारा वेळ फुकट फिरण्यात घालवितो. यजमानावर ताण असताना दोन प्रक्रियकांचा अतिथी एका प्रक्रियकावर आणल्याने तो अधिक जलद झाल्याची उदाहरणे यामुळेच घडतात.

महाराष्ट्रातील संदर्भ : युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीसाठी श्री-लिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅक संस्थेची आयएसएम इ. आज्ञावली वापरल्या जात. त्यांतील अक्षरांचे संकेतांक परस्परांहून भिन्न असल्यामुळे त्या काळातील पुस्तकांच्या व नियतकालिकांच्या फायली मूळ आज्ञावलीवाचून नीट उघडत नाहीत. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. पण पानाची मूळ मांडणी हवी असल्यास विंडोज ९८ किंवा एक्सपी जवळ बाळगावी लागते. अशी प्रणाली आभासी यंत्रात ठेवणे सोयीचे असले, तरी त्या काळातील काही व्यावसायिक आज्ञावलींना छपाई-यंत्राच्या समांतर द्वारात बसवावयाचे यंत्रकुलूप लागे. हे कुलूप यजमानाच्या द्वारामार्फत जोडले असता त्याची प्रत्येक तपासणी हे एक बहिर्गमन असते, आणि आज्ञावली वारंवार तपासणी करीत असेल तर एकेक अक्षर उमटण्यास विलंब लागतो. येथे प्रणाली पुन्हा बसविण्याचा उपाय सर्वांत धोक्याचा होय. परवान्याची तबकडी हरवली असल्यास चालू असलेली एकमेव प्रतही हातची जाते. कोणताही बदल करण्यापूर्वी आभासी डिस्कची संपूर्ण प्रत काढून ठेवावी व प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

उलट दोष : काही जुन्या आज्ञावली यंत्र अतिजलद असल्यामुळे बंद पडतात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या अनेक आज्ञावली सुरू होताना विलंब-फेऱ्याचे मोजमाप करतात. सुमारे २०० मेगॅहर्ट्‌झपेक्षा वेगवान पेंटियमवर त्यातील भागाकार ओसंडून २०० क्रमांकाची चूक उद्‌भवे. विंडोज ९५ देखील सुमारे २.१ गिगॅहर्ट्‌झपलीकडील प्रक्रियकावर सुरू होताना अशाच कारणाने कोसळते. अतिथीच्या सूचना प्रत्यक्ष प्रक्रियकावर चालत असल्याने आभासी यंत्रात हे दोष तसेच राहतात. तेथे सर्व यंत्राचे, प्रक्रियकासह, अनुकरण करणाऱ्या डॉसबॉक्स किंवा ८६बॉक्स यांसारख्या आज्ञावली उपयोगी पडतात. त्यांत प्रक्रियकाचा वेग हवा तसा बांधून देता येतो आणि द्वार-वाचनासाठी वेगळे बहिर्गमन नसते, कारण सर्वच सूचनांचे अनुकरण होत असते. ८६बॉक्सवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील पेंटियम चालविण्यास आजचा वेगवान यजमानही अपुरा पडू शकतो; ३८६ व ४८६ जातीची यंत्रे मात्र त्यावर सहज चालतात.